जरा छान करून द्या

ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या जगात डिझायनरइतकं आगतस्वागत दुसऱ्या कोणाचं होत नाही, आणि त्याच्याइतक्या लवकर दुसरं कोणी परतही जात नाही. नवा प्रोग्रामर आला तर त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. तो आपला येतो, कोपऱ्यातली एखादी चूक दुरुस्त करतो, आणि सहा महिन्यांनी पाहावं तर घरचाच झालेला असतो. डिझायनर आला की मात्र सगळे उठून उभे राहतात. "अरे वा, आम्हाला केव्हापासून तुमच्यासारखं कोणीतरी हवंच होतं!" तो बिचारा विचारतो, "मग मी नेमकं काय करू?" इथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. लग्नघरात पाहुण्याने बाह्या सरसावून "काही मदत हवी का?" म्हणून विचारलं की यजमान हमखास "छे छे, तुम्ही बसा हो, सरबत घ्या" म्हणतो. आत काम तुंबलेलं असतं. केळीचे खांब आडवे पडलेले असतात, भटजी दर्भ शोधत असतात. पण पाहुण्याला काम सांगायचं तर कोणतं, कुठे, कशाने आणि कोणाला विचारून हे यजमानाला आधी ठाऊक असावं लागतं. त्यापेक्षा सरबत स्वस्त पडतं. ओपन सोर्सवाल्यांचं सरबत म्हणजे "काहीही सुचवा, सगळ्या कल्पनांचं स्वागत आहे" हे वाक्य.

पाहुण्याने फारच आग्रह धरला, तर त्याला काम मिळतंही. ते असतं, "आपलं ॲप जरा छान करून द्या." चित्रकलेत थोडीफार गती असलेल्या कोणालाही हे वाक्य नवं नाही. लग्नपत्रिका, सोसायटीचा फलक, मेव्हण्याच्या दुकानाची पाटी यांच्या निमित्ताने ते आयुष्यभर कानावर पडत असतं. वेळ फार घालवायचा नाही, पैशांचं बोलायचं नाही, आणि छान म्हणजे काय ते काम पूर्ण झाल्यावर सांगण्यात येईल. नवखा माणूस उत्साहात चार रात्री जागून अख्ख्या ॲपचं रंगरूप बदलून आणतो. मग कोणी म्हणतं, हिरवा जरा जास्त वाटतो. कोणी म्हणतं, जुनंच बरं होतं. तिसरा म्हणतो, सुंदर आहे, पण हे बनवणार कोण? पुढे तो नवखा दिसेनासा होतो, आणि वर्षभराने त्याच प्रकल्पात "डिझायनर टिकत नाहीत हो" म्हणून हळहळ व्यक्त होते. माझं म्हणणं असं की नवख्या डिझायनरला मदत करायची म्हणजे पाठ थोपटायची कमी आणि त्याच्यासाठी प्रश्न लहान करून द्यायचा जास्त. कोणाची कोणती अडचण सोडवायची, कुठपर्यंत हात लावायचा, आणि शेवटी हो किंवा नाही कोण म्हणणार, एवढं जुन्या जाणत्याने आधी लिहून द्यावं. स्वागताचं भाषण मग नाही केलं तरी चालेल.

प्रोग्रामरला हे बरंचसं आयतं मिळतं, म्हणून त्याला त्याची किंमत नसते. त्याचा पहिला परीक्षक यंत्र असतं. कोड चुकला तर कंपायलर तोंडावर सांगतो, चाचण्या लाल होतात, आणि यात कोणाचा स्वभाव आडवा येत नाही. "हा सेमीकोलन मला मनापासून भावला नाही," असं कंपायलर कधी म्हणत नाही. डिझाइनला असा निर्विकार परीक्षक नसल्यामुळे ज्याला ज्याला डोळे आहेत तो तो परीक्षक होतो. मेमरीची व्यवस्था लावणाऱ्या कोडवर मत द्यायला दोन माणसं पुढे येतात, कारण तेवढ्या दोघांनाच तो कळतो. बटणाच्या निळ्या रंगावर मत द्यायला पन्नास येतात. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात या प्रकाराची नोंद करून ठेवली आहे. त्यांच्या काल्पनिक वित्त समितीपुढे कोटभर पौंडांची अणुभट्टी येते आणि अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण अणुभट्टीतलं आपल्याला काही कळत नाही हे कोणालाच दाखवायचं नसतं. नंतर कारकुनांच्या सायकली ठेवायची शेड येते. तिचं छप्पर ॲल्युमिनियमचं असावं की ॲसबेस्टॉसचं, यावर पाऊण तास खल होतो. 1999 साली फ्रीबीएसडी या खुल्या संगणक-प्रणालीच्या प्रकल्पात 'स्लीप' नावाच्या एका साध्या आज्ञेला सेकंदाचे अपूर्णांक कळावेत की नाही यावरून इतकं रण माजलं, की पॉल-हेनिंग काम्प या प्रोग्रामरने मंडळींना पार्किन्सनच्या शेडची आठवण करून दिली. तेव्हापासून फुटकळ गोष्टीवरच्या लांबलचक वादाला त्या जगात सायकल-शेडचंच नाव पडलं. म्हणजे कोडच्या बाबतीतही हे घडतं, पण अधूनमधून. डिझाइन मात्र पहिल्या दिवसापासून त्या शेडमध्येच मुक्कामाला असतं.

यावर एक ठरलेलं उत्तर आहे: बघणारे पुष्कळ असले की चूक लपून राहत नाही, तेव्हा मतं येऊ द्यावीत. याला छेद देणारा देवनागरीतलाच एक दाखला आहे. विकिपीडियाचं बोधचिन्ह तुम्ही पाहिलेलं आहे: कोड्याच्या तुकड्यांचा अपुरा गोल, तुकड्यातुकड्यावर जगातल्या लिप्यांमधली अक्षरं. 2003 साली एका स्पर्धेतून ते आलं. त्यावर देवनागरी 'वि'ही होता. फक्त त्याची पहिली वेलांटी व च्या डावीकडे असायची ती उजवीकडे जाऊन बसली होती. एका जपानी तुकड्यावरही अशीच गफलत होती. पहिलीतल्या पोराने असं लिहिलं असतं तर बाईंनी तिथल्या तिथे पाटी पुसायला लावली असती. 2007 साली न्यूयॉर्क टाइम्सने या चुकीवर लेख छापला. तरीही कोणीही, केव्हाही दुरुस्त करू शकेल अशी ज्याची ख्याती, त्या विश्वकोशाच्या कपाळावरची वेलांटी जागेवर यायला 2010 साल उजाडलं. चूक कोट्यवधी डोळ्यांपुढे होती, छापूनही आली होती. पण लेखातलं चुकलेलं वाक्य वाचणारा स्वतःच बदलू शकतो. बोधचिन्ह तसं बदलता येत नाही. त्यासाठी नवं चित्र कोणीतरी काढावं लागतं आणि ते लागू करा असं कोणीतरी म्हणावं लागतं. हे दुसरं काम डोळ्यांचं नाही.

उलट बाजूचं उदाहरण लिनक्सचा पेंग्विन. लिनक्स या खुल्या प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स हे गृहस्थ मृदू बोलण्याबद्दल प्रसिद्ध नाहीत. 2018 साली आपल्या फटकळपणाबद्दल जाहीर माफी मागून त्यांनी काही आठवडे रजाही घेतली होती. पण 1996 साली लिनक्सला चिन्ह हवं अशी चर्चा सुरू झाली तेव्हा याच गृहस्थांनी ओपन सोर्सच्या इतिहासातलं, माझ्या मते, डिझायनरला सांगितलेलं सर्वांत उत्तम काम सांगितलं. त्यांना पेंग्विन हवा होता, पण कसा? किंचित जाडसर, यथेच्छ जेवून नुकताच ढेकर देऊन बसलेला, जगाविषयी काहीही तक्रार नसलेला. पोटात भरपूर हेरिंग गेलेली दिसली पाहिजे. रेखाटनाबद्दल एवढंच, की फार तपशील नको, ब्रशने ओढल्यासारखी काळी बाह्यरेषा पुरे; चोच किती अंशात कललेली, याबद्दल अवाक्षर नाही. लॅरी ईविंग यांनी जिम्प या त्या वेळी अगदीच कोवळ्या असलेल्या, चित्रं काढण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो पेंग्विन काढला, आणि आजही तो तसाच पोट पुढे काढून बसलेला आहे. गंमत म्हणजे लिनक्सच्या चिन्हासाठी ज्या स्पर्धा झाल्या त्यांतल्या एकीतही हा पेंग्विन जिंकला नाही. मतदानात पडला आणि कामात लागला. टोरवाल्ड्स यांनी चित्रापेक्षा भाव सांगितला होता. चित्र काढायची मोकळीक दुसऱ्याला होती, आणि पेंग्विन हवा की नको हा घोळ मात्र मिटलेला होता.

आता प्रत्येक प्रकल्पाला ढेकर देणारा पेंग्विन नको असतो. बहुतेकांना हवं असतं ते फार निरस काम, आणि नवख्याच्या हाती प्रथम तेच द्यावं. "सेटिंग्जचं पान सुधारा" हे काम नव्हे, तो वनवास आहे. त्याऐवजी असं लिहून पाहा: "पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्याला भाषा बदलायची जागा सापडत नाही. ती सध्या तिसऱ्या पडद्यावर 'प्रगत' या नावाखाली दडली आहे. ती कुठे असावी हे दाखवणारं साधं रेखाटन हवं, पेन्सिलीचं चालेल. रंग आणि फॉन्ट यांना हात लावायचा नाही. स्वस्तातल्या लहान फोनवर मावलं पाहिजे. जर्मन आणि तमिळ शब्द लांबलचक असतात हे धरून चाला. अमुकबाई पंधरा दिवसांत निर्णय देतील, आणि मान्य झालं तर तमुकराव ते कोडमध्ये उतरवतील." सात-आठ वाक्यं झाली. ती लिहायला बसलं की जुन्या जाणत्याच्या लक्षात येतं की भाषा बदलायची जागा तिसऱ्या पडद्यावर का आहे हे त्यालाही माहीत नाही, आणि अमुकबाईंना तर कोणी विचारलेलंच नाही. काम सांगता येत नाही याचं कारण बहुधा एवढंच असतं की ते अजून ठरलेलं नसतं, आणि ते ठरवण्याचा भार पाहुण्याच्या खांद्यावर अलगद सरकवलेला असतो.

डेबियन या जुन्या लिनक्स वितरणात हा व्यवहार बराच सरळ आहे. नव्या आवृत्तीच्या आधी चित्रांसाठी जाहीर आवाहन निघतं, त्यात काय काय लागेल त्याची यादी असते: डेस्कटॉपचं पार्श्वचित्र, लॉगिनचा पडदा, यंत्र सुरू होतानाचं दृश्य. मुदत असते. लोकांची पसंतीही विचारली जाते. म्हणजे मतदान मुळातच वाईट असं नाही. मर्यादा आखलेल्या असल्या तर ते निमूट चालतं. 2015 च्या डेबियन 8 साठी ज्युलिएट ताका यांचं 'लाइन्स' निवडलं गेलं, आणि पुढे 9, 11 आणि 12 या आवृत्त्यांची चित्रंही त्यांचीच निवडली गेली. एकच डिझायनर एकाच प्रकल्पाकडे इतक्यांदा परत येते, ही घटना या जगात शेतात सोन्याचा हंडा सापडण्याइतपत दुर्मीळ आहे.

निर्णय कोणी घ्यायचा हा मुद्दा काढला की सभेत लगेच पहिला आक्षेप येतो, हुकूमशाहीचा. तो अगदीच खोटा नाही. 2010 साली उबुंटू या लिनक्स वितरणाच्या 10.04 या आवृत्तीत खिडकी बंद करायची आणि लहानमोठी करायची बटणं उजव्या कोपऱ्यातून उचलून डाव्या कोपऱ्यात नेण्यात आली. जगबुडी झाल्यासारखा गहजब झाला. शेवटी उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी इथे लोकशाही नाही असं स्वच्छ सांगून टाकलं. बटणं डावीकडेच राहिली, आणि 2017 साली 17.10 मध्ये पुन्हा उजवीकडे आली. ज्यांच्या बोटांना सात वर्षांत डावीकडची सवय लागली होती त्यांचं काय झालं ते न विचारलेलं बरं. 2011 साली जीनोम या डेस्कटॉपने आपलं रूप मुळापासून बदललं, तेव्हा खुद्द टोरवाल्ड्स चिडून एक्सएफसीई नावाच्या साध्यासुध्या डेस्कटॉपकडे निघून गेले, आणि काही काळाने परतही आले. काहींनी तर मेट आणि सिनॅमन अशा वेगळ्या चुलीच मांडल्या. या सगळ्यात चुका झाल्या असतील, अरेरावीही झाली असेल. तरी निर्णय झाला होता म्हणून तो फिरवता आला. जिथे निर्णयच होत नाही तिथे काय होतं? दोन्ही पक्षांना खूश करण्यासाठी सेटिंग्जमध्ये आणखी एक चौकोन येतो: हवं असेल तर टिचकी मारा. अशा प्रत्येक पर्यायाची किंमत कोणालातरी मोजावी लागते, हे जीनोममधल्याच हॅवक पेनिंग्टन यांनी 2002 साली तपशीलवार लिहून ठेवलं आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जचं पान म्हणजे पुष्कळदा न मिटलेल्या भांडणांची यादी असते. नवख्याला यातलं काही नको असतं. आठवड्याभरात कारणासह आलेला नकार तो पचवतो. "बघू" मात्र कोणालाच पचत नाही, आणि त्यात काय काय दडलेलं असतं हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.

दुसरा आक्षेप कडव्या मंडळींचा. त्यांचं म्हणणं, आमच्यात यायचं तर आमची हत्यारं शिकून या. गिट शिका, फांद्या काढा, पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवा. गिट 2005 साली टोरवाल्ड्स यांनीच लिनक्सच्या गाभ्यासाठी लिहिलं, म्हणजे जगभर पसरलेल्या शेकडो प्रोग्रामरांनी एकाच कोडवर काम करावं म्हणून. भाषा बदलायचं बटण कुठे असावं एवढंच सुचवू पाहणाऱ्या माणसाने आधी ते आत्मसात करावं, ही अट शिस्तीची नसून चाळणीची आहे, आणि त्या चाळणीतून नेमके डिझायनर गळतात; उरतात ते प्रोग्रामर, जे आधीच आत होते. पहिल्या खेपेला त्याचं रेखाटन जुन्या माणसाने आपल्या हाताने जागेवर नेऊन ठेवावं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो आपण होऊन विचारेल. याच मंडळींचा पोटआक्षेप असा, की नवख्याने चित्र बंदिस्त, विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं असतं. हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. मुक्त पर्याय म्हणून इंकस्केप आहे, पेनपॉट आहे, आणि पेंग्विनही मुक्त सॉफ्टवेअरमध्येच जन्माला आला. पण पहिलंच रेखाटन दाखवणाऱ्याला त्यावर एक शब्द न बोलता मुक्ततेवर प्रवचन ऐकवणं म्हणजे केवळ मुहूर्त चुकवणं आहे. मूळ फाइल एसव्हीजी या खुल्या स्वरूपात द्या, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला ती उघडून बदलता येईल, एवढं सांगितलं की तत्त्वही राखलं जातं आणि माणूसही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: एवढं लिहून द्यायला वेळ कोणाकडे आहे? सांभाळणारे स्वतःच रात्री दहानंतर, पोरं झोपल्यावर हे काम करतात. खरं आहे. पण वेळ दोन्हीकडे जातो. फरक एवढाच की आधी दिला तर अर्धा तास जातो आणि नंतर दिला तर महिनाभर रोज. मोघम स्वागताचं काय होतं हे हॅक्टोबरफेस्टने दाखवून दिलं. 2014 पासून चाललेल्या या ऑक्टोबर महिन्याच्या उत्सवात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. हेतू उत्तम होता. 2020 साली मात्र निरर्थक बदलांचा असा लोंढा आला की सांभाळणारे बेजार झाले: कोणी प्रकल्पाच्या नावाआधी 'अप्रतिम' असं विशेषण चिकटवलं, कोणी एखादा स्वल्पविराम हलवला. अखेर आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी आपण होऊन तयारी दाखवली तेवढेच धरले जाऊ लागले. दार सताड उघडं ठेवणं आणि आत काय करायचं ते सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं केलं की दुसरं झालंच असं समजणाऱ्याला टी-शर्टासाठी आलेली गर्दी मिळते. त्या पोरांनाही फार दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे अडचण नव्हती, फक्त बक्षीस होतं.

चौथा आक्षेप स्वतः डिझायनरांचा, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. प्रोग्रामर नोकरीच्या मुलाखतीत आपला ओपन सोर्स कोड दाखवतो, कधी कधी कंपनीच त्याला त्यासाठी पगार देते. डिझायनरने मात्र फुकट काम का करावं? त्यात चिन्हासाठी स्पर्धा म्हणजे शंभर जणांनी काम करायचं आणि एकाचं निवडायचं. नव्व्याण्णव जणांची मेहनत वाया. अशा कामाला व्यावसायिक डिझायनरांचा जुनाच विरोध आहे. मला तो मान्य आहे, आणि म्हणूनच नवख्याला चिन्हाच्या आसपास फिरकू देऊ नये असं माझं मत आहे. चिन्हावर प्रत्येकाचं मत असतं, काम सगळ्यांत जास्त वाया जातं, आणि निवडलं गेलं तरी वापरणाऱ्याची अडचण एका केसाने कमी होत नाही. लहान, आखून दिलेल्या कामाचं तसं नाही. आधी लोक कुठे अडखळत होते, मग काय बदललं, कोणी कशाला नकार दिला आणि का, हे सगळं तिथे उघड्यावर लिहिलेलं राहतं. एखाद्या होतकरू डिझायनरला आपल्या कामाच्या नमुन्यांमध्ये चकचकीत चित्रांपेक्षा हा इतिहास जास्त उपयोगी पडतो. अट एकच: त्याचं नाव श्रेयनामावलीत प्रोग्रामरांच्या नावांच्या बरोबरीने यायला हवं, "आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार" या ओळीत नव्हे. आउटरीची नावाच्या उपक्रमात तर डिझाइनच्या कामाला रीतसर मानधनही मिळतं. ते सगळ्यांना पुरण्याइतकं नाही, हेही सांगायला हवं.

आणि शेवटचा खड्डा म्हणजे चित्र मान्य होणं आणि प्रत्यक्षात येणं यांच्यामधला. ओपन सोर्समध्ये मान्य झालेल्या सुंदर रेखाटनांची संख्या एवढी आहे की त्यांचं वेगळं संग्रहालय काढता येईल. जिम्पमध्ये एकच खिडकी असावी, हत्यारं, थर आणि चित्र वेगवेगळ्या खिडक्यांत पडद्यावर भरकटू नयेत, ही तक्रार वर्षानुवर्षं होत होती. ती सोय 2012 च्या 2.8 आवृत्तीत आली. कल्पना कमी पडल्या म्हणून एवढा वेळ लागला नाही. त्या कोडमध्ये उतरवणारे हात मोजके होते. याउलट ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं आणि ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. 2002 साली टोन रोझेंडाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते खुलं केलं, आणि 2006 च्या 'एलिफंट्स ड्रीम'पासून ॲमस्टरडॅममध्ये चित्रकार आणि प्रोग्रामर यांना शेजारी बसवून लघुपट करायला लावले. चित्रकार कण्हला की प्रोग्रामरला ऐकू जाई. 2019 च्या 2.80 आवृत्तीत त्यांनी वस्तू निवडायला माउसचं डावं बटण हा नियम केला. तोवर ब्लेंडरमध्ये ते काम उजव्या बटणाने होत होतं आणि नवे लोक पहिल्या पाच मिनिटांतच हबकत होते. ब्लेंडरमध्ये केलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला 2025 साली सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. ब्लेंडरकडे पैसा आहे, जागा आहे, हे कबूल. पण रेखाटन मागण्याआधी ते कोडमध्ये उतरवणारा एक प्रोग्रामर नावानिशी ठरवायला ॲमस्टरडॅममध्ये इमारत लागत नाही.

मराठी माणसाला यात करण्यासारखं काय, असं कोणी विचारेल, तर हातभराच्या अंतरावर एक काम पडलेलं आहे. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. तो तसाच लिहावा म्हणून महाराष्ट्र शासनाला 2022 साली शासन निर्णय काढावा लागला. तरी फोनवर आणि संगणकावर पुष्कळ ठिकाणी आपल्याला हिंदी वळणाचा दांडीवाला ल भेटतो. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवण्याची सोय असते. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलेलं असलं की मराठी रूप पुढे येतं. कुठे फॉन्टमध्ये ते रूपच नसतं, कुठे असतं पण सॉफ्टवेअरने मजकुराची भाषा सांगितलेली नसते. तीच गत वाऱ्यावरच्या आणि दऱ्याखोऱ्यांतल्या र ची. तो नीट उमटला नाही तर आचाऱ्यांना दिलेली शाल आचार्यांच्या खांद्यावर जाते. यासाठी लागणारी सामग्री घरचीच आहे: लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले. हे काम लहान आहे, चूक की बरोबर हे ठरवता येण्यासारखं आहे, आणि त्याला कंपायलर नसला तरी मराठी शाळेत शिकलेले डोळे पुरतात. तेव्हा अक्षराची नजर असलेल्यांनी आपल्या वापरातलं एखादं खुलं ॲप मराठीत उघडावं, ल, श आणि तो र तपासावा, चुकलेला दिसला तर पडद्याचं चित्र काढून शेजारी बरोबर अक्षर काढावं आणि दोन ओळी लिहून पाठवावं. आणि ज्यांच्याकडे ते जाईल त्यांनी, कृपा करून, आठवड्याच्या आत हो की नाही ते कळवावं.